दाढ उभी करताना

फिजिक्सच्या लॅबमधून व्हर्निअर कॅलिपर मागून आणला, तेव्हा लॅब असिस्टंटला वाटलं अकरावीच्या पोरांना काहीतरी दाखवायचं असेल. मी हो म्हटलं. बायोलॉजीच्या मॅडम दर रविवारी सकाळी आरशासमोर तोंड वासून स्वतःच्या जबड्यातली फट मोजतात, ही बातमी स्टाफरूममध्ये पोचायला मधल्या सुट्टीचीही गरज पडली नसती.

फट खाली, डाव्या बाजूला. चौदा वर्षांपूर्वी तिथली पहिली मोठी दाढ काढली होती. कीड मुळापर्यंत गेलेली, रूट कॅनाल आणि वर कॅप म्हणजे तेव्हाच्या पगारात डोंगर, आणि मुलगी दीड वर्षाची. ज्यांनी दाढ काढली त्या डॉक्टरांनी कापूस दाबायला देत सांगितलं, "एका दाढेवाचून काही अडत नाही." ते चुकीचं बोलले, पण मलाही तेच ऐकायचं होतं. त्यामुळे सगळा राग त्यांच्यावर काढता येत नाही.

अडलं ते आत्ता आत्ता. उजव्या बाजूनंच चावून चावून तिकडची दाढही कुरकुरायला लागली, म्हणून इम्प्लांटची, म्हणजे हाडात स्क्रू रोवून त्यावर नवा दात बसवण्याची, चौकशी करायला गेले. तिथे एक्स-रे बघितला आणि मला माझाच जबडा ओळखू येईना. रिकाम्या जागेच्या मागची दाढ पुढे कलंडली होती, रात्रीच्या एसटीत शेजाऱ्याच्या खांद्यावर मान टाकलेल्या माणसासारखी. फक्त इथे शेजारीच नव्हता. खाली कुणी नाही म्हणून वरची दाढ उतरून आली होती. आणि काढलेल्या दाढेच्या जागी हाड दोन्ही बाजूंनी खंगून त्याची धार झाली होती. "वापर नाही ना," डॉक्टर म्हणाले. "दात गेला की त्याच्याभोवतीचं हाड शरीर सांभाळत बसत नाही." इम्प्लांटवर दाढ बसवायची तर साधारण दहा-अकरा मिलिमीटर जागा लागते. माझ्याकडे सहा होती. "आधी ही मागची दाढ उभी करून घ्या, मग या."

दाढ उभी करणं म्हणजे तारा. त्रेचाळिसाव्या वर्षी.

त्याच पंधरवड्यात आई बाथरूममध्ये घसरली. पडताना हात टेकला आणि मनगट मोडलं. वय एकाहत्तर. प्लास्टर झालं, मग हाडांची घनता मोजणारा डेक्सा स्कॅन झाला, टी-स्कोर आला उणे २.७. उणे २.५ किंवा त्याहून खाली गेलं की त्याला ऑस्टिओपोरोसिस म्हणतात, म्हणजे हाडं विरळ आणि ठिसूळ. कॅल्शियम, आठवड्याला साठ हजार युनिट्सची ड जीवनसत्त्वाची पुडी, आणि रविवारी सकाळी उपाशीपोटी ॲलेन्ड्रोनेटची एक गोळी. ती साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही, काही खायचं नाही. अन्ननलिकेत रेंगाळली तर जाळते. त्यामुळे रविवारी आई हॉलमधल्या खुर्चीत ताठ बसून घड्याळाकडे बघतेय आणि मी बेसिनसमोर कॅलिपर घेऊन उभी आहे, असा देखावा असायचा. नवरा म्हणायचा, या घरात रविवारी चहा मागायची सोय राहिली नाही.

तारा लावणाऱ्या, म्हणजे ऑर्थोडॉन्टिस्ट मॅडम माझ्याहून दहाएक वर्षांनी लहान. पहिल्या दिवशी त्यांनी भरून घेतलेल्या फॉर्मवर मधुमेह, ब्लडप्रेशर यांच्या खाली एक प्रश्न होता: हाडांसाठी काही गोळ्या किंवा इंजेक्शन चालू आहे का? मी म्हटलं, "मी नाही, माझी आई घेते. पण का हो?"

"कारण त्या गोळ्या ज्या पेशींना गप्प बसवतात, त्यांनाच मला तुमच्या जबड्यात कामाला लावायचंय."

मी अठरा वर्षं सांगाडा शिकवतेय. ऑस्टिओब्लास्ट हाड घडवतात, ऑस्टिओक्लास्ट हाड शोषून घेतात, ऑस्टिओसाइट हाडाच्या आत असतात. तीन ओळी, फार तर दोन मार्क. ऑस्टिओक्लास्टचं चित्र काढताना एकाऐवजी चार-पाच केंद्रकं काढायची, एवढंच मी पोरांना बजावत आले. ही नावं दीडशे वर्षांची आहेत, कोलिकर नावाच्या शरीरशास्त्रज्ञानं १८७३ साली 'हाड फोडणारी' अशा अर्थानं ऑस्टिओक्लास्ट हा शब्द वापरला, हेही माहीत होतं. पण ही पेशी आपल्या घरात आहे, एका खोलीत तिला झोपवायला गोळी चालू आहे आणि दुसऱ्या खोलीत तिला उठवायला हप्ते भरायचेत, असा विचार कधी शिवला नव्हता.

ही पेशी हाडात जन्माला येत नाही. रक्तातल्या मोनोसाइट जातीच्या पेशी हाडाच्या पृष्ठभागावर येतात, एकमेकींत विरघळून एकच मोठी पेशी होते, म्हणून तिला इतकी केंद्रकं. मग ती हाडाला कडेनं अशी चिकटते, की खाली एक बंद कोंडी तयार होते. त्या कोंडीत आम्ल सोडते. आम्लानं हाडातला खनिजाचा भाग विरघळतो, उरलेल्या कोलॅजेनच्या दोऱ्या कॅथेप्सिन-के नावाचं विकर कापून काढतं. खड्डा झाला की पुढे सरकते. आईची गोळी हाडाच्या खनिजातच जाऊन बसते. ही बया खायला आली की हाडाबरोबर औषधही तिच्या पोटात जातं आणि ती लुळी पडते. म्हणजे सरळ विषप्रयोग. आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, "मग तुझ्या त्या सोडल्यावर माझ्याकडे नाही ना येणार?"

पहिल्या खेपेला तारा नाहीत. दाढांच्या मध्ये निळ्या रबराच्या छोट्या रिंगा सरकवल्या. पुढे तिथे स्टीलचे बँड बसवायचे, त्यासाठी फट हवी. सेपरेटर म्हणतात. सगळ्या उपचारात मला सर्वांत जास्त छळलं ते या चिमुकल्या रबरांनी. दुपारी घातल्या, संध्याकाळपर्यंत काही नाही, मी नवऱ्यापुढे मिजास केली. दुसऱ्या दिवशी मऊ भातसुद्धा चावेना. पाचव्या दिवशी त्या काढल्या तर खरोखरच दोन दाढांमध्ये पोस्टकार्ड जाईल एवढी फट.

"हे हाड सरकलं?" मी विचारलं.

"नाही. अजून हाडाला पत्ताच नाही," मॅडम म्हणाल्या. "हा दात नुसता त्याच्या गादीत रेलला."

मग त्यांनी मला जे समजावलं ते मी आता वर्गात तसंच्या तसं सांगते. दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये मिलिमीटरच्या पाचव्या हिश्शाएवढी फट असते आणि त्या फटीत तंतूंचं जाळं असतं. बाजेला सुंभ विणलेला असतो ना, तसा दात त्या तंतूंवर टांगलेला असतो. दाताला एका बाजूनं रेटलं, की ज्या बाजूला तो सरकतो तिकडचे तंतू चेपतात आणि सैल पडतात, पाठीमागचे ताणले जातात. चेपलेल्या बाजूला बारीक रक्तवाहिन्या दबतात, रक्त कमी पोचतं, तिथल्या पेशी रासायनिक आरडाओरडा सुरू करतात. जंतू नसलेली सूजच म्हणायची. त्या आरड्याओरड्यात रँकल नावाचा एक रेणू असतो, त्याचा निरोप एकच: हाड खाणाऱ्यांनो, या. ताणलेल्या बाजूला ऑस्टिओब्लास्टना काम मिळतं, त्या मागून नवं हाड भरत येतात. दात पुढे, खड्डा त्याच्यापुढे, भराव त्याच्यामागे. तार फक्त निरोप धाडते. खोदकाम या मजुरांचं, आणि त्यांचा वेग त्यांचा.

हे मला ऐकताना पटलं. अंगवळणी पडायला मात्र सहा महिने लागले.

पहिले तीन महिने गोल, बारीक निकेल-टायटॅनियमच्या तारा. त्यांनी पुढचे वेडेवाकडे दात ओळीत आले. मग डावीकडे खाली, पुढची छोटी दाढ आणि कलंडलेली दाढ यांच्यामध्ये जाड तारेवर एक स्प्रिंग दाबून बसवली. बॉलपेनातल्या स्प्रिंगपेक्षाही नाजूक. साधारण शंभर-दीडशे ग्रॅमचा रेटा, मॅडमनी गेजवर मोजून दाखवला. दीडशे ग्रॅम! शेंगदाणा फोडताना दाढेवर कित्येक किलोंचा दाब येतो आणि दाढ तसूभर हलत नाही. फरक वेळेचा आहे. चावताना दाब सेकंदभरही टिकत नाही, तंतूंमधला द्रव तो झेलून घेतो. स्प्रिंग मात्र दिवसरात्र चिकाटीनं रेटत बसते. दिवसाचे निदान पाच-सहा तास तरी दाब राहिला पाहिजे, तरच पेशींना तो दखल घेण्याजोगा वाटतो.

त्या दिवशी संध्याकाळी मी कॅलिपर घेतला. माझ्या वहीतल्या नोंदी अशा: पहिल्या दिवशी ६.२ मिलिमीटर. पहिल्या रविवारी ६.६. मी खूश, या हिशोबानं तीन महिन्यांत काम फत्ते. दुसऱ्या रविवारी ६.६. तिसऱ्या रविवारी ६.६. चौथ्या रविवारी ६.५, म्हणजे माझा हात थरथरला असणार. मुलीला मोजायला लावलं. ती "ई, आई" म्हणत म्हणत ६.६ म्हणाली.

अपॉइंटमेंटच्या दिवशी मी वही घेऊनच गेले आणि म्हटलं, "स्प्रिंग जरा कडक घाला ना. मी दुखणं सोसेन."

मॅडम हसल्या नाहीत, हे त्यांचं मोठेपण. त्यांनी वही नीट वाचली. "मॅडम, तुम्ही अगदी पुस्तकातला आलेख काढलाय," म्हणाल्या. पहिला चार दशांश म्हणजे दात गादीत रेलला. त्यानंतर चेपलेल्या बाजूला कुठे कुठे रक्त अगदीच तुटतं आणि तेवढ्या भागातल्या पेशी मरतात. सूक्ष्मदर्शकाखाली तो पट्टा काचेसारखा दिसतो. तिथे पेशीच नाहीत, तर खाणार कोण? मग ऑस्टिओक्लास्ट बाजूच्या मज्जेतून, मागच्या दारानं येतात आणि तो मेलेला पट्टा खालून पोखरून काढतात. तोवर दात जागचा हलत नाही. तीन-चार आठवडे सहज जातात. चाळिशीनंतर थोडे जास्तच.

"आणि जोर वाढवला तर?"

"तर मेलेला पट्टा मोठा होईल आणि दात आणखी अडेल. शिवाय मुळाचं टोक झिजण्याची भीती."

नंतर घरी वाचलं, तर ही गोष्ट शंभराहून जास्त वर्षं माहीत आहे. स्वीडनच्या कार्ल सँडस्टेट यांनी कुत्र्याचे दात यंत्रानं हलवून जबड्याचे काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले आणि १९०४ मध्ये लिहून ठेवलं: हलका दाब दिला तर हाड समोरून खाल्लं जातं, जबर दिला तर ऊतक मरतं आणि हाड मागून पोखरलं जातं. मी एमएस्सी झाले तरी हे नाव ऐकलं नव्हतं. सहाव्या रविवारी ७.१. मी बेसिनसमोरूनच ओरडले. आईचा अर्धा तास व्हायचा होता, तिनं जागेवरूनच विचारलं, "पडली का?"

पुढे महिन्याला सात-आठ दशांश, कधी मिलिमीटरभर. त्या काळात दाढ बोटानं हलवली तर किंचित डुलायची. पहिल्यांदा कळलं तेव्हा मी रात्री साडेदहाला मॅडमना मेसेज केला. उत्तर आलं, "डुलायलाच हवी."

दुखण्याबद्दलही एक सूचना होती जी मला आधी कुणी सांगितली नव्हती. तार बदलली की त्या रात्रीपासून ठणका, दुसऱ्या दिवशी सर्वांत जास्त, आठवड्यात शांत. मी सवयीनं आयबुप्रोफेन घ्यायला निघाले तर मॅडमनी थांबवलं: लागलंच तर पॅरासिटामॉल घ्या. आयबुप्रोफेन प्रोस्टाग्लँडिन नावाचं सूज आणणारं रसायन बनू देत नाही, आणि हाड खाणाऱ्या पेशींना बोलावण्यात प्रोस्टाग्लँडिनचाही हात असतो. ज्या सुजेमुळे दुखतंय तिच्यातूनच काम होतंय, तर ती अगदी विझवून कशाला टाकायची.

वरची उतरलेली दाढ हे वेगळंच प्रकरण होतं. तिला वर ढकलायचं होतं, पण ढकलायला आधार कशाचा घेणार? शेजारच्या दातांना बांधलं तर तेच खाली ओढले जातील. म्हणून दोन मिनी स्क्रू लावले, एक गालाच्या बाजूला, एक टाळूकडे. जाडी दीडेक मिलिमीटर, लांबी आठ. भूल दिलेली, दाबाखेरीज काही कळलं नाही; नवरा बाहेर बसून ऐकत होता, त्यालाच जास्त घाम आला. स्क्रूपासून दाढेपर्यंत रबरी चेन.

इथे माझ्यातली मास्तरीण अडली. चेन ओढते ती दोन्ही टोकांना सारखीच. स्क्रूलाही तेवढाच ओढा, दाढेलाही तेवढाच. दाढ तर मुळासकट केवढी मोठी, स्क्रू टाचणीएवढा. मग हलायला हवा तो स्क्रू. पाच महिन्यांत दाढ सुमारे दोन मिलिमीटर वर गेली आणि स्क्रू गोठ्यातल्या खुंट्यासारखा होता तिथे उभा. कारण पुन्हा तो सुंभ. दाढेला तंतूंची गादी आहे, म्हणून दाबाचा निरोप जातो. स्क्रू थेट हाडाला भिडलेला. तिथे चेपायला काही नाही, आरडाओरडा करायला कुणी नाही. याच कारणानं इम्प्लांट सगळं झाल्यावर शेवटी बसवतात. एकदा बसला की तो पुन्हा सरकवता येत नाही. इतक्या हलक्या जोराला ऐकतं ते हाड दाताच्या सांगण्यावरून, हे मला त्या खुंट्यानं शिकवलं. कुठल्याही आकृतीनं शिकवलं नसतं.

दरम्यान आईचं प्लास्टर सहा आठवड्यांनी निघालं. हात काडीसारखा. नव्या एक्स-रेत मोडलेली जागा जुळली होती, पण बोटांची आणि मनगटाची हाडं आधीच्या फिल्मपेक्षा धुरकट दिसत होती. सहा आठवडे वापर नाही, तर तेवढ्यात हाड विरळ. ज्युलियस वुल्फ यांनी बर्लिनमध्ये १८९२ साली हेच मांडलं होतं: हाडावर जसा भार पडतो तशी त्याची बांधणी बदलते. टेनिसपटूंच्या खेळायच्या हाताचं हाड दुसऱ्यापेक्षा जाड असतं. अंतराळवीरांच्या खुब्याचं हाड दर महिन्याला एक ते दीड टक्का कमी होतं. आई पडायच्या भीतीनं दिवसभर सोफ्यावर बसायला लागली होती. मी म्हटलं, "आई, तू अंतराळात गेलीयेस." तिला हा विनोद आवडला नाही.

पण मला एक गोष्ट खुपत होती. वुल्फ म्हणतात दाब पडेल तिथे हाड वाढतं. माझ्या तोंडात दाब पडेल तिथे हाड खाल्लं जातंय. एकाच बाईच्या सांगाड्यात दोन कायदे कसे? एका बारावीच्या मुलीनं हा प्रश्न वर्गात विचारला असता तर मी 'नंतर सांगते' म्हणून पळ काढला असता.

मॅडमना विचारलं. त्या दिवशी शेवटचा पेशंट मीच होते, त्यामुळे त्यांनी कागद घेतला. हाडाला जिवंत ठेवतो तो ताण, असं बघा, त्या म्हणाल्या. एरवी तंतू हाडाला सतत थोडे खेचत असतात. दाढ ज्या बाजूला झुकते तिकडचे तंतू सैल पडले, म्हणजे त्या भिंतीवरची ओढ गेली. भिंतीच्या दृष्टीनं तो बिनकामाचा काळ, तुमच्या आईच्या प्लास्टरसारखा. पाठीमागच्या भिंतीवर ओढ वाढली, ती भरते. त्यात मेलेल्या पेशींची सूज मिसळते. यावर सगळ्यांचं एकमत नाही, हेही त्यांनी सांगितलं. पण मला त्या कागदावरचं सैल सुंभ आणि आईचा काडीसारखा हात शेजारी शेजारी दिसला आणि बरं वाटलं. हाडाच्या आत अडकलेल्या ज्या ऑस्टिओसाइटना मी 'आत असतात' एवढ्यावर बोळवायची, त्याच हे सगळं ऐकतात. हाड वाकलं की बारीक नळ्यांमधला द्रव हलतो, त्यांना ते जाणवतं, आणि कुणाला बोलवायचं हे त्या कळवतात.

त्या रात्रीपासून मी आईला जेवणानंतर पार्किंगमध्ये चालवायला लागले. पहिल्या आठवड्यात दोन फेऱ्या, माझा हात घट्ट धरून.

फेब्रुवारी-मार्चमध्ये मी माती खाल्ली. खरं तर भडंग खाल्ला. सांगलीत राहून भडंग वर्ज्य करायचा म्हणजे काय हे बाहेरच्याला कळणार नाही. ऊस सोडला, चिक्की सोडली, पण पेपर तपासताना कुणीतरी डबा पुढे केला आणि लसणाचा वास आला. दुसऱ्याच घासाला खट्. छोट्या दाढेवरचं ब्रॅकेट, म्हणजे तार धरून ठेवणारी चिकटवलेली चकती, निघून तारेवर फिरायला लागलं, स्प्रिंग सैल. बोर्डाचे पेपर गळ्याशी आलेले; 'जाऊ पुढच्या आठवड्यात' म्हणत तीन आठवडे काढले. तेव्हा फट होती ९.४. तिसऱ्या रविवारी ८.९. तंतूंना जुनी जागा आठवत असते, आणि मागे भरलेलं हाड अजून कच्चं. खायला तीन आठवडे पुरतात, भरून पक्कं व्हायला तीन-चार महिने लागतात. मॅडम रागावल्या नाहीत, नुसतं म्हणाल्या, "दीड महिना मागे गेलो आपण." रागावल्या असत्या तर परवडलं असतं.

वर्षभरानं ओपीजी काढायला सांगितला. ओपीजी म्हणजे सगळ्या जबड्याचा एकत्र एक्स-रे, दातांच्या दवाखान्यात हाच शब्द. मी मात्र दचकले, कारण तेव्हा मी रात्री जे वाचत होते त्यात ओपीजी म्हणजे ऑस्टिओप्रोटेजेरिन, १९९७ मध्ये सापडलेलं प्रथिन, रँकलला वाटेतच धरून ठेवणारं. रँकल बोलावतं, ओपीजी आडवं जातं, आणि या दोघांच्या भांडणात कुणाचं पारडं जड यावर हाड खाल्लं जाणार की नाही ते ठरतं. मी उत्साहानं हे एक्स-रे काढणाऱ्या मुलाला सांगितलं. तो म्हणाला, "हनुवटी इथे ठेवा."

फिल्मवर मॅडमनी मुळांची टोकं एकेक करून तपासली. हाड खाणाऱ्या पेशी मुळालाही सोडत नाहीत. मुळावरचा सिमेंटमचा थर जरा चिवट म्हणून निभावतं. माझ्या खालच्या दोन पटाशीच्या दातांची टोकं थोडी बोथट झाली होती. चालण्यासारखं आहे, पण पुढच्या तारा हलक्या, आणि मध्ये दोन महिने काहीच नाही, नुसतं थांबायचं. एव्हाना मी 'कडक करा' म्हणायचं सोडलं होतं.

चौदाव्या महिन्यात फट १०.८. ज्या डॉक्टरांनी मला परत पाठवलं होतं त्यांच्याकडे पुन्हा गेले. स्कॅनमध्ये छोट्या दाढेलगत हाड अजून अरुंदच होतं, पण उभ्या झालेल्या दाढेच्या पुढे चांगलं रुंद. दाढ मागे सरकताना जे भरत गेलं ते. इम्प्लांट तिकडे झुकवून बसवला. टायटॅनियमचा स्क्रू हाडाशी जुळायला तीन महिने दिले, मग वर दाढ चढवली. तारा त्यानंतर काही आठवड्यांनी निघाल्या. एकूण वीस महिने. पक्कडीनं ब्रॅकेट काढताना कानात कडकड आवाज होतो आणि आपले दात जिभेला कुणा परक्याचे वाटतात, ओले, गुळगुळीत. खालच्या पुढच्या दातांना आतून बारीक तार कायमची चिकटवलीय, आणि रात्री रिटेनर, दात पुन्हा सरकू नयेत म्हणून घालायचा साचा. लग्नाला चार दिवस कोल्हापूरला गेले तेव्हा डबी घरी राहिली. परत आल्यावर रिटेनर बसवताना वरचे दात रात्रभर ठणकले.

आईचा दुसरा डेक्सा अजून व्हायचाय. पार्किंगच्या आठ फेऱ्या होतात, हात न धरता.

तारा निघाल्यावर पहिल्या रविवारी आईनं स्वतः भडंग केला. तिचा अर्धा तास संपला होता. बशी पुढे करून म्हणाली, "डाव्या बाजूनं खा. चौदा-पंधरा वर्षांनी खातेयस."

मी डावीकडे घास घेतला. कुरकुर आवाज आला, दाणा फुटला, सगळं व्यवस्थित. पण काहीतरी वेगळं होतं. उजव्या दाढेखाली शेंगदाण्याचं फोलपट आलं तरी कळतं. डावीकडे नव्या दाढेखाली दाणा आहे हे मला कानांनी कळत होतं.

"कशी लागते?" आईनं विचारलं.

"आवाज येतो गं. पण दाणा कळत नाही. तंतू नाहीत ना तिथे."

"मग थोडं पुढून चाव," आई म्हणाली आणि स्वतःच्या बशीत लिंबू पिळायला लागली.